मुलांच्या कुंड्या: आधी भोकं, मग रंग

मुलांना बोलावून जुने डबे रंगवायचे आणि त्यांत बी पेरायचं ठरवलं असेल, तर मुलं यायच्या आदल्या दिवशी सगळ्या डब्यांना भोकं पाडून ठेवा. बाकीची यादी सावकाश वाचली तरी चालेल. पत्र्याचा डबा, जुनी किटली, खेळण्यातला ट्रक, गमबूट, काहीही घ्या, पण तळाला भोक नसेल तर ती कुंडी नव्हे. पाणी तळाशी साचतं, मुळांना हवा मिळत नाही, रोप पिवळं पडून मान टाकतं. आणि मान टाकलेली बघून मूल आणखी पाणी घालतं.

वीतभर रुंद डब्याला 5-6 मिलिमीटरची चार-पाच भोकं लागतात. एकच मोठं पाडू नका, माती वाहून जाते. पत्र्याचा डबा लाकडाच्या ठोकळ्यावर उपडा घालून जाड खिळा ठोका. ठोकळा नसेल तर तळ चेपतो. आत निघालेली धार पकडीने दाबून बसवा, मुलांची बोटं नेमकी तिथे जातात. प्लॅस्टिकला ड्रिल वापरा, खिळ्याने तडकतं. गमबुटाच्या टाचेच्या नादी लागू नका. तळव्याच्या पातळ भागात दोन आणि बाजूला, तळाला लागून, दोन पाडा. काम मोठ्यांचं आहे. ऐनवेळी करायला गेलात तर एक ड्रिल आणि भोवती डझनभर मुलं, असा प्रकार होतो.

रंगवल्यानंतर भोकं पाडायला गेलात तर टवके उडतात. शिवाय मुलाने मन लावून रंगवलेल्या डब्यावर त्याच्यासमोर खिळा ठोकून बघा! रंग अ‍ॅक्रिलिक, फक्त बाहेरून, रात्रभर वाळलेला.

‘भोकं कशाला, तळाला खडे घालू’ असं कुणीतरी सुचवेलच. नाही. वरची माती पुरती भिजेपर्यंत पाणी खड्यांत उतरतच नाही, आणि उतरलं की तिथेच साचतं. भोकांवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा ठेवा, बस. माती भरण्याआधी प्रत्येक रिकाम्या डब्यात पेलाभर पाणी ओता. धार लगेच खाली आली नाही, तर तो डबा बाजूला.

दोन भाग माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). नुसती बागेतली माती डब्यात दगडासारखी बसते. कोकोपीटची वीट आधीच भिजवून मोकळी करा. कंपोस्टही ओलसर असू द्या, कोरड्याची धूळ नाकात जाते. वर दोन बोटं जागा सोडा.

बियाणं भराभर उगवणारंच घ्या: मेथी, मोहरी, मुळा तीन ते पाच दिवसांत वर येतात. कोथिंबिरीला आठ-दहा दिवस लागतात, तोवर मुलं माती उकरून बघतात. अगदी लहान मुलांना घेवड्याचे दाणे द्या, बोटांत धरता येतात. तोंडात मात्र जाऊ देऊ नका, कच्चा घेवडा बाधतो. गुलाबी किंवा निळा रंग चढवलेलं बी मुलांच्या हाती नको, त्यावर बहुधा बुरशीनाशक असतं. बीच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरायचं. मेथीला 10-12 सेंटिमीटर खोली पुरते, टोमॅटोला 30 हवी. तेव्हा ट्रकात टोमॅटोचा हट्ट नको.

भोकं आहेत ना? मग ती बुजवू नका. सपाट तळाचा डबा फरशीवर टेकला की भोकं बंदच होतात. खाली बाटल्यांची तीन-चार बुचं ठेवा.

नावाच्या पट्ट्या पेन्सिलने, शाई उडते. पाणी फवाऱ्याने, बोट खुपसून माती कोरडी लागली तरच. पत्र्याचे डबे दुपारच्या उन्हात नकोत. गर्दी झाली की रोपं कात्रीने कापून विरळ करा, उपटलीत तर शेजारची हलतात. हात साबणाने. टोमॅटोला काठी.