ट्रायल रायडिंग शिकताय? या चुका टाळा

ट्रायल हा मोटरसायकलवरून तोल सांभाळत अडथळे पार करायचा खेळ. त्यात वेगाला गुण नाहीत. खडक, ओढा, चढ-उतार, झाडांची मुळं यांतून फीत बांधून आखलेला छोटासा टप्पा असतो, त्याला सेक्शन म्हणतात. पाय न टेकता पार केलात तर शून्य. एकदा टेकलात तर एक, दोनदा दोन, तीन किंवा त्याहून जास्त वेळा टेकलात तरी तीनच. गाडी पडली किंवा फितीबाहेर गेली तर पाच. शेवटी ज्याचा आकडा सगळ्यांत लहान, तो जिंकला. स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल याच हिशोबावर चालते, आणि तिचा इतिहास 1909 पर्यंत मागे जातो.

आपल्याकडे खास ट्रायलच्या गाड्या फार थोड्या आहेत. बहुतेक जण हिरोच्या एक्सपल्ससारखी गाडी घेऊन सह्याद्रीतल्या एखाद्या बंद दगडखाणीत किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर सुरुवात करतात. त्यात काहीच कमी नाही, तोल आणि क्लच शिकायला ती गाडी पुरेशी आहे. पण वर्षानुवर्षं नवीन पोरं येतात आणि त्याच त्या चुका करतात. सांगून सांगून घसा बसला, म्हणून आता लिहून ठेवतो.

रस्त्याची हवा घेऊन खडकावर जाणं

सगळ्यांत जास्त चिडचिड मला या चुकीची होते, कारण ती सुधारायला एक पैसा लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात मावळातल्या एका खाणीत एक मुलगा आला. गाडी नवी, अंगावर सगळं नवं. वाटेत पंक्चरवाल्याकडे हवा तपासून आला होता आणि त्याने दोन्ही चाकांत 35 पीएसआय भरून दिली होती. समोर काळ्या दगडाचा जेमतेम गुडघाभर उंचीचा चढ, त्यावर हिरवं शेवाळ. चाक फिरलं. त्याने रेस वाढवली, चाक आणखी फिरलं. मग ते सरकत सरकत शेवाळाबाहेरच्या कोरड्या दगडावर आलं, एकदम पकडलं, आणि गाडी उडून आडवी पडली. ब्रेकचा लिव्हर तुटला. तो मात्र टायरला शिव्या देत बसला आणि तिथेच फोन काढून नवे टायर शोधायला लागला. मी हवा काढून चौदावर आणली, पिशवीतला जुना लिव्हर लावला आणि सांगितलं, त्याच रेषेतून, त्याच टायरवर, पहिल्या गिअरमध्ये ये. आला. पाय टेकला, पण आला.

कारण साधं आहे. हवा कमी केली की टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि जास्त रबर दगडाला लागतं. ताठ फुगलेला टायर दगडाच्या टोकावर नुसता टेकतो आणि तिथून उडतो.

आता याची दुसरी बाजू. खऱ्या ट्रायल गाडीत मागे चार-पाच पीएसआय आणि पुढे सहाच्या आसपास हवा ठेवतात. हे कुठेतरी वाचून आमच्यातल्या एकाने एक्सपल्सच्या मागच्या चाकात पाच ठेवली. ट्रायल गाडीचा मागचा टायर ट्यूबलेस असतो, बाजूंनी मऊ असतो, आणि सगळी गाडी मिळून साधारण 70 किलोची. एक्सपल्स दीडशे किलोच्या वर, आणि आत ट्यूब. पहिल्याच चढाला टायर रिमवर फिरला, ट्यूब सोबत ओढली गेली आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटला. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून गाडी ढकलत वाडीपर्यंत नेली.

माझी सवय सांगतो. ट्यूबच्या गाडीला हळू सरावासाठी 12 ते 15 च्या दरम्यान. वजन जास्त असेल किंवा दगड धारदार असतील तर 15. त्याखाली जायचं असेल तर आधी रिम लॉक, म्हणजे टायरला रिमवर दाबून धरणारी पकड, बसवा. दर थोड्या वेळाने व्हॉल्व्हकडे बघा. तो तिरका झाला असेल तर टायर सरकतोय, थांबा. पेट्रोलपंपावरचं गेज या आकड्यांना उपयोगाचं नाही. शून्य ते पंधरा किंवा वीसपर्यंतचं वेगळं गेज घ्या. परत निघताना हवा भरायला पायपंप किंवा छोटा कॉम्प्रेसर बरोबर हवाच, कमी हवेवर हायवेला लागायचं नाही.

मोठ्या गोट्यांचा टायर म्हणजे पकड, हा समज

गोट्या म्हणजे टायरवरचे रबराचे उंचवटे. मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीवरच्या शर्यतीचे, उंच, विरळ गोट्यांचे टायर चिखलात आणि मोकळ्या मातीत उत्तम चालतात. काळ्या पाषाणावर मात्र त्या गोट्या वाकतात आणि रबर दगडाला लागतच नाही. ट्रायलचा टायर हाताळून बघा: गोट्या बुटक्या, चौकोनी, जवळजवळ, रबर मऊ. स्पर्धेच्या नियमांतही गोट्यांच्या उंचीवर मर्यादा असते. तुमचा सराव बहुतेक दगडावरच होणार असेल तर फोटोत रांगडा दिसतो म्हणून टायर घेऊ नका.

क्लच चार बोटांनी आणि सगळं काम थ्रॉटलने

चिडचिड करणारी ही दुसरी चूक. ही दुरुस्त झाली नाही तर बाकीचं शिकवून उपयोग नसतो.

रस्त्यावर क्लच फक्त गिअर बदलायला आणि सिग्नलला थांबायला लागतो. ट्रायलमध्ये गाडी क्लचवरच चालते. इंजिन थोडं चढतं ठेवायचं आणि चाकाला किती ताकद जाणार ते डाव्या हाताच्या एका बोटाने ठरवायचं. आपल्याकडे घाटातल्या ट्रॅफिकमध्ये हाफ क्लचवर गाडी धरायची सवय सगळ्यांना असते, पण ती वेळ निभावण्यापुरती. इथे सेक्शनभर तेच करायचं आहे, आणि इंचाइंचाने.

डावीकडे एक बोट क्लचवर, उजवीकडे एक बोट पुढच्या ब्रेकवर, बाकीची बोटं हँडलवर. कायम, सपाट जमिनीवरसुद्धा. लिव्हर आतल्या बाजूला सरकवा, म्हणजे ते एक बोट लिव्हरच्या टोकाजवळ येईल आणि जोर कमी लागेल. चार बोटांनी क्लच धरला की हँडल धरायला फक्त अंगठा उरतो. मग गाडीने झटका दिला की माणूस मागे जातो, उजवं मनगट खाली जातं, थ्रॉटल आपोआप आणखी उघडतो, आणि गाडी आणखी जोरात झटका देते. या चक्रातून बाहेर पडायचा एकच रस्ता, क्लच ओढणं. पण तोपर्यंत हात सुटलेला असतो.

एका मित्राकडे अडीचशे सीसीची टू-स्ट्रोक ट्रायल गाडी आहे. एक गृहस्थ आले, बरीच वर्षं बुलेट चालवलेले, लडाखला जाऊन आलेले. एक चक्कर मारू द्या म्हणाले. मित्राने सांगितलं, आधी किल स्विचची दोरी मनगटाला लावा, म्हणजे पडलात तर ती ओढली जाऊन इंजिन बंद होईल. ते म्हणाले, इथल्या इथे तर आहे. दोरी हँडललाच लटकत राहिली. गडी पहिल्या गिअरमध्ये निघाला, क्लच एकदम सोडला, पुढचं चाक वर आलं. त्याने घाबरून हँडल घट्ट धरलं आणि मनगट खाली गेलं. गाडी सरळ उभी राहिली, तो पाठीवर पडला, आणि गाडी पुढे जाऊन बांधावर आदळून तिथे आडवी पडून किंचाळत राहिली. मित्राने धावत जाऊन दोरी ओढली तेव्हा इंजिन बंद झालं. रेडिएटर चेपला. त्यांचं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. बांधाच्या पलीकडे शेतकऱ्याची नात शेळी घेऊन उभी होती, हे मी अजून विसरलेलो नाही.

त्या दिवसापासून माझा नियम आहे: दोरी नाही तर गाडी नाही, मग समोर कोणीही असो. कोणी याला बाऊ करणं म्हणालं तर म्हणू द्या. चुंबकाचा किल स्विच कोणत्याही गाडीला बसतो, चांगल्या वायरिंगवाल्याला तासाभराचं काम आहे.

सरावाची जागा सपाट निवडा. पहिला गिअर, उभं राहून, माणूस चालतो त्याहूनही हळू, फक्त क्लचवर. मग मागचा ब्रेक हलका दाबून ठेवून तेच. साध्या गाडीचा क्लच सतत घासला की तापतो आणि लिव्हरची पकड बदललेली जाणवते. तसं झालं की गाडी बंद करून थंड होऊ द्या. आणि मोटरसायकलमध्ये कारचं इंजिन ऑइल घालू नका, क्लच त्याच तेलात बुडालेला असतो आणि घसरतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए2 लिहिलेलं बघून घ्या.

वळणात गाडीबरोबर झुकणं

वेगात ते बरोबर आहे. हळू वळताना उलट: गाडी आत झुकवायची, अंग बाहेर ठेवायचं, वजन बाहेरच्या फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीवर. हातांवर वजन नको. गुडघे सैल, नजर चाकासमोरच्या दगडावर न ठेवता जिथे जायचंय तिथे. हँडल पूर्ण वळवून दोन्ही बाजूंनी गोल काढायचा सराव करा, आधी सपाटीवर, मग हलक्या उतारावर. उतारावरचा गोल जमला की निम्मं ट्रायल आलं, असं मी मानतो. हा सराव कंटाळवाणा आहे आणि त्याचं रील बनत नाही, म्हणून नवीन लोक तो टाळतात. स्पेनचा ट्रायल रायडर टोनी बोऊ माणसापेक्षा उंच दगडावर गाडी चढवतो ते बघून पहिल्याच रविवारी उडी मारायला निघतात. बोऊने 2007 ते 2024 एकही वर्ष न सोडता ट्रायलचं मैदानी जागतिक अजिंक्यपद जिंकलं. त्याच्या उडीआधी जागच्या जागी तोल धरण्याची जी वर्षं आहेत, ती व्हिडिओत दिसत नाहीत. पुढचं चाक दगडाला टेकवा, हँडल एका बाजूला वळवा, पुढचा ब्रेक दाबा आणि पेगवर उभे राहा. रोज संध्याकाळी, इंजिन बंद ठेवून. बिल्डिंगच्या पार्किंगमध्येही होतं.

थोडक्यात

सेक्शन आधी पायी चालून बघा. वरून दिसणारी रेषा आणि गाडीवरून दिसणारी रेषा वेगळी असते.

स्पोर्ट शूज घालून येऊ नका. दगड आणि फूटपेगमध्ये घोटा सापडला की हाड जातं. घोट्याच्या वर येणारे बूट आणि गुडघ्याचे गार्ड, हे हेल्मेटइतकेच सक्तीचे समजा.

टू-स्ट्रोक गाडीत तेल अंदाजाने ओतू नका. मोजपात्र ठेवा आणि गाडीच्या पुस्तिकेतलं प्रमाण पाळा. जास्त तेल सुरक्षित असतं हा जुन्या स्कूटरच्या काळातला समज प्लग खराब करतो.

हायड्रॉलिक क्लचला मिनरल तेल लागतं की डॉट (ब्रेकचं तेल), ते क्लचच्या तेलाच्या छोट्या टाकीच्या झाकणावर वाचा. चुकीचं घातलं की आतली रबरं फुगतात.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटर रिकामा करा. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला पाणी सुटतं.

एकटे जाऊ नका.

जागा निवडताना

पावसाळ्यात सड्यांवर गाड्या घालणारे दिसतात तेव्हा मला फार वाईट वाटतं. जांभ्याच्या त्या कातळावर बोटभर मातीत ऑगस्ट-सप्टेंबरला फुलणारी रोपटी असतात. चाक एकदा फिरलं की ती माती ओढ्याला लागते आणि पुन्हा तयार व्हायला पिढ्या जातात. किल्ल्यांच्या वाटा आणि राखीव जंगलही नको. खाण किंवा पडीक रान शोधा, मालकाला भेटा, परवानगी घ्या, ओढ्याच्या पाण्यात गाडी धुऊ नका. एका गटाने फाटक उघडं टाकलं आणि गुरं बाहेर गेली, तेव्हापासून आमची एक चांगली जागा कायमची बंद झाली.

परदेशी गाडीची घाई

गॅस गॅस, बेटा, माँटेसा या गाड्या सुंदर आहेत. पण त्या घेण्याआधी तीन गोष्टी विचारा: आयातीचे कागद पूर्ण आहेत का, क्लच प्लेट आणि लिव्हर कुठून मिळणार, आणि खाणीपर्यंत नेणार कशी. त्या रस्त्यावर चालवायच्या गाड्या नाहीत, दर वेळी टेम्पो किंवा पिकअप लागतो. तो खर्च धरून हिशोब जमत असेल तर घ्या. नसेल तर असलेल्या गाडीचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे साखळीचं दातेरी चाक, एक दात लहान करा, इंजिनाखाली चांगली बॅश प्लेट लावा आणि उतारावरचे गोल चालू ठेवा.