आस्तिक, नास्तिक की अजून काही? आपलं मत नीट ठरवायचं कसं

"तू देव मानतोस का?" असं कोणी विचारलं की आपण पटकन हो किंवा नाही म्हणून मोकळे होतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. माझा एक शाळेपासूनचा मित्र आहे, आम्ही दोघं एकदा रात्री ह्या विषयावर बोलायला बसलो ते अडीच तास उठलोच नाही, तो म्हणत होता मी नास्तिक आहे, मी म्हणत होतो अरे तू कसला नास्तिक, आवाज चढले, आणि शेवटी कळलं की तो नास्तिक म्हणजे "प्रार्थना वगैरे न करणारा" असं धरून बोलत होता आणि मी "देव नाहीच असं छातीठोक सांगणारा" असं धरून. म्हणजे भांडण एकाच शब्दावर चाललेलं पण गोष्टी दोन. तेव्हापासून मी ह्या शब्दांच्या मागे लागलोय आणि आता मला एक पद्धत सापडलीये, स्वतःचं मत तपासायला पण चालते आणि समोरच्याचं समजून घ्यायला पण.

सगळ्यात आधी विचारायचं ते हे की कोणता देव. हा प्रश्न टाळून पुढे गेलात तर बाकी सगळं वाया जातं. मराठीत आपण देव हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो. एक म्हणजे हे सगळं विश्व निर्माण करणारा, चालवणारा एकच एक कोणीतरी, ज्याला तत्त्वज्ञानात ईश्वर म्हणतात. आणि दुसरे म्हणजे देवदेवता, माणसापेक्षा ताकदवान पण मर्यादा असलेले, अनेक. आता बौद्ध ग्रंथ उघडून बघा, त्यात देव भरपूर आहेत पण ते जन्मतात आणि आयुष्य संपलं की जातात, विश्वाचा कर्ता म्हणून मात्र कोणीच नाही. जैन मतात स्वर्गातले देव आहेत, तेही कर्माच्या फेऱ्यात अडकलेले, तीर्थंकर पूज्य आहेत, पण विश्व कोणी बनवलेलं नाही, ते अनादि आहे. मग जैन माणूस देव मानतो का? "कोणता" हे विचारल्याशिवाय ह्याचं उत्तर देताच येत नाही. म्हणून माझा पहिला सल्ला असा की एक कागद घ्या आणि देव म्हटल्यावर तुमच्या डोक्यात नेमकं काय येतं ते दोन ओळीत लिहा. निर्माता? न्याय करणारा? प्रार्थना ऐकणारा? की नुसती एक शक्ती? मला स्वतःला हे लिहायला जवळजवळ आठवडा लागला होता, कारण लिहायला बसलं की लक्षात येतं आपण कधी नीट विचारच केलेला नाही.

लिहून झालं की मानणाऱ्यांचे प्रकार आपोआप उलगडायला लागतात. एकच देव मानणारा तो एकेश्वरवादी, अनेक मानणारा अनेकेश्वरवादी, हे दोन सगळ्यांना माहीत असतात. ह्यांच्या मधला एक प्रकार फार कमी लोकांना माहितीये, देव अनेक आहेत हे मान्य पण ज्याची स्तुती चाललीये तोच त्या वेळी सर्वश्रेष्ठ, ह्याला हेनोथिइझम म्हणतात आणि ऋग्वेदाची सूक्तं समजावताना मॅक्स म्युलर ह्या संस्कृतच्या अभ्यासकाने हा शब्द रूढ केला, कारण तिथे इंद्राचं सूक्त वाचताना इंद्र सगळ्यात मोठा आणि वरुणाचं वाचताना वरुण.

मग येतो डीइझम, म्हणजे निर्माता आहे, त्याने नियम घालून विश्व सुरू करून दिलं, पण आता तो मध्ये पडत नाही, चमत्कार नाही, प्रार्थनेला उत्तर नाही. १८व्या शतकात युरोप-अमेरिकेत हा विचार जोरात होता, व्होल्टेअर, थॉमस पेन ही त्यातली ठळक नावं. मला विचाराल तर आज स्वतःला नुसतं आस्तिक म्हणणारे कितीतरी लोक प्रत्यक्षात डीइस्ट असतात, फक्त त्यांना तो शब्द भेटलेला नसतो. "कोणीतरी असणार रे हे सगळं केलेलं, पण तो माझ्या परीक्षेचे मार्क बघत बसणार नाही" असं म्हणणारा माणूस तुमच्या ओळखीत नक्की असेल, तो हाच.

आणि सर्वेश्वरवाद म्हणजे विश्व आणि देव हे वेगळे नाहीतच, जे काही आहे तेच देव. इथे स्पिनोझा ह्या डच तत्त्वज्ञाची गोष्ट आठवते. १६५६ साली, वय जेमतेम २३, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं, पुढे कित्येकांनी त्याला नास्तिक म्हणून शिव्या घातल्या आणि नंतरच्या काळात नोव्हालिस नावाच्या जर्मन कवीने त्यालाच देवाने धुंद झालेला माणूस म्हटलं. माणूस एकच, पुस्तकंही तीच, आणि लेबलं एकदम टोकाची दोन, कारण वाचणारा प्रत्येकजण देव ह्या शब्दाची आपापली व्याख्या घेऊन बसलेला. आईन्स्टाईनला १९२९ साली एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, तार करून विचारलं की देव मानता का, तेव्हा त्याने "हो" किंवा "नाही" असं न सांगता आपण स्पिनोझाचा देव मानतो असं कळवलं, माणसांच्या नशिबात आणि वागण्यात लक्ष घालणारा देव नाही. उत्तर द्यावं तर असं, कोणता ते सांगून.

आता नास्तिक ह्या शब्दाकडे येतो, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ ह्याच शब्दाचा आहे. हा शब्द मुळात देवाबद्दलचा नव्हताच! व्याकरणकार पाणिनीच्या सूत्रात (४.४.६०) आस्तिक-नास्तिक हे शब्द "आहे" आणि "नाही" ह्यांवरून सिद्ध होतात, आणि टीकाकार सांगतात की काय आहे, तर परलोक. परलोक आहे असं मत असणारा तो आस्तिक. मनुस्मृतीत (२.११) सरळ म्हटलंय "नास्तिको वेदनिन्दकः", म्हणजे वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. त्यामुळे दर्शनांच्या, म्हणजे आपल्याकडच्या तत्त्वज्ञानाच्या शाखांच्या, वाटणीत सांख्य आणि मीमांसा ह्या दोन शाखा आस्तिक धरल्या जातात, आणि तरी जुनं सांख्य निर्माता ईश्वर मानत नाही, आणि कुमारिल भट्टासारखा कट्टर वेद मानणारा मीमांसक जगाच्या कर्त्याविरुद्ध पानंच्या पानं युक्तिवाद करतो. देव न मानणारा आस्तिक! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी परत परत वाचलं होतं. म्हणून निर्माता ईश्वर न मानणाऱ्यासाठी निरीश्वरवादी हा शब्द वापरा, तो जास्त नेमका आहे, आणि कोणी जुन्या ग्रंथातला नास्तिक शब्द दाखवला तर तिथे तो वेद, परलोक की ईश्वर ह्यातलं काय नाकारतोय ते आधी बघा. चार्वाक, म्हणजे आपले जुने भौतिकवादी, तिन्ही नाकारतात, बौद्ध आणि जैन वेद आणि ईश्वर नाकारतात पण मेल्यावर पुढचा जन्म मानतात.

हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. रोमन साम्राज्यात सुरुवातीच्या ख्रिश्चनांवर नास्तिक असल्याचा आरोप व्हायचा, कारण ते राज्याचे देव मानत नव्हते, आणि दुसऱ्या शतकातला जस्टिन हा ख्रिश्चन लेखक म्हणाला की हो, त्या तथाकथित देवांच्या बाबतीत आम्ही नास्तिक आहोत, पण खऱ्या देवाच्या बाबतीत नाही.

बरं, आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, इथे घाई करू नका. न मानणं आणि "नाही" असं मानणं ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा आपण एका बंद खोलीच्या दारासमोर उभे आहोत आणि मी तुम्हाला म्हणालो की आत कोणीतरी बसलंय. तुम्ही म्हणू शकता, हो, असेल, मला पटलं. तुम्ही म्हणू शकता, छे, आत कोणी नाहीये, खोली रिकामी आहे. पण तिसरंही म्हणता येतं, की तू सांगतोयस पण तुझ्या नुसत्या सांगण्यावर मी हे मान्य करत नाही, आत कोणी नाही असंही मी म्हणत नाहीये. हा तिसरा माणूस "आत कोणीतरी आहे" असं मानतो का? नाही मानत. आत कोणी नाही असा त्याचा दावा आहे का? तोही नाही. तत्त्वज्ञ अँटनी फ्लू यांनी १९७०च्या दशकात नेमका हाच फरक मांडला, देव नाही असा दावा करणारा तो पॉझिटिव्ह नास्तिक आणि ज्याच्यापाशी देवाबद्दलचा विश्वास नाही इतकंच, तो निगेटिव्ह नास्तिक. लोक ह्यालाच ठाम आणि सौम्य असंही म्हणतात. दावा करणाऱ्याने कारणं द्यायला हवीत, मग तो आहे म्हणणारा असो नाहीतर नाही म्हणणारा, पण सौम्यवाल्याकडे पुरावा मागत बसण्यात अर्थ नाही कारण त्याने काही दावाच केलेला नाही. ऐंशी टक्के वाद इथेच मिटतात असं मला मनापासून वाटतं.

आणि अज्ञेयवादी? बहुतेक जण ह्याला आस्तिक-नास्तिकाच्या मधला, कुंपणावर बसलेला समजतात. मला हे चुकीचं वाटतं, कारण मानणं आणि जाणणं हे दोन प्रश्न आहेत. थॉमस हक्सली ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये हा इंग्रजी शब्द घडवला तेव्हा त्याचा रोख ज्ञानावर होता, ज्याचा पुरावा नाही ते ठाऊक असल्याचा दावा करू नये, इतकं साधं. खोलीच्या दाराशी उभं राहून "आत कोण आहे ते मला कळायला मार्गच नाही" असं म्हणणारा माणूस पुढे "पण मला वाटतं कोणीतरी आहे" असंही म्हणू शकतो आणि "पण मी काही मानत नाही" असंही. म्हणून अज्ञेयवादी आस्तिक असतो आणि अज्ञेयवादी नास्तिकही असतो. काही तत्त्वज्ञ अजूनही अज्ञेयवादाला तिसरी स्वतंत्र भूमिका धरतात, म्हणजे निर्णय राखून ठेवलेला, आणि तसं वापरलं तरी चालेल फक्त आधी सांगा.

ही न-कळण्याची परंपरा काही नवी नाही. जुन्या ग्रीसमध्ये प्रोटॅगोरस नावाचा तत्त्वज्ञ म्हणून गेला की देव आहेत की नाहीत हे मला कळू शकत नाही, विषय अवघड आणि आयुष्य लहान. बुद्धाच्या काळातला संजय बेलट्ठिपुत्त, परलोक आहे का विचारलं तर आहे असं म्हणायचा नाही आणि नाही असंही म्हणायचा नाही. आणि ऋग्वेदाचं नासदीय सूक्त (१०.१२९) तर शेवटी इथपर्यंत जातं की ही सृष्टी कुठून आली हे वरून बघणाऱ्यालाच ठाऊक, किंवा कदाचित त्यालाही ठाऊक नसेल. त्या "किंवा" पाशी मी दरवेळी थांबतो.

रिचर्ड डॉकिन्स ह्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने २००६ मध्ये १ ते ७ अशी पट्टी मांडली, १ म्हणजे देव आहे ह्याची शंभर टक्के खात्री आणि ७ म्हणजे नाही ह्याची. लोकांना ती आवडते कारण नंबर सांगून मोकळं होता येतं, पण माझी तक्रार ही की कोणता देव हा प्रश्नच त्यात दबतो, माझा आकडा इंद्रासाठी वेगळा, निर्मात्यासाठी वेगळा आणि स्पिनोझाच्या देवासाठी अजून वेगळा येतो. वापरायचीच असेल तर प्रत्येक व्याख्येसाठी वेगळा आकडा काढा.

अजून दोन छोटे प्रकार. काही जण म्हणतात देव ह्या शब्दाचा अर्थच आधी स्पष्ट करा, तोवर आहे-नाही हा प्रश्नच निरर्थक, ह्यांना इग्नॉस्टिक म्हणतात. आणि काहींना ह्या प्रश्नाचं काही सोयरसुतकच नसतं, असला काय नसला काय माझं वागणं बदलत नाही, ह्याला अपॅथिइझम असा शब्द आलाय. ह्यांना ओढून ताणून नास्तिकात घालू नका.

एक चूक मात्र मी स्वतः केलीये आणि ती तुम्ही करू नका. माझ्या एका काकांची मुलगी तरुणपणी गेली. त्यानंतर काका प्रार्थना करायचे थांबले, कोणी देवाचं नाव काढलं की उठून जायचे. मी तेव्हा वीस-एकवीस वर्षांचा, मला वाटलं काका नास्तिक झाले, आणि एकदा त्यांच्यासमोर म्हणालो पण, की काका आता तुम्हालाही पटलं ना देव नाही ते. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "नाही कसा? आहे. मी त्याच्याशी बोलत नाही." मला कुठे तोंड लपवू असं झालं. देवावर चिडलेला, रुसलेला, त्याला जाब विचारणारा माणूस देव मानणाराच असतो, कदाचित नेहमीपेक्षा जास्तच. तेव्हा बाहेरचं वागणं बघून कोणावर शिक्का मारू नका. उलटही खरं आहे, विश्वास संपलेला असतानाही घरच्यांसाठी किंवा सवयीने सगळं करणारे असतात. काय करतो ह्यावरून काय मानतो ते कळत नाही, विचारावं लागतं.

तर प्रत्यक्षात कागदावर हे असं उतरवा. आधी देवाच्या एकेका अर्थाची वेगळी ओळ करा, निर्माता, प्रार्थना ऐकणारा, अनेक देवता, विश्व म्हणजेच देव, आणि आपल्याकडचा जुना प्रश्न म्हणून परलोकाचीही एक ओळ. प्रत्येक ओळीसमोर मानतो, मानत नाही, की नाही असं मानतो ते लिहा. मग त्यापुढे, हे कळू शकतं असं वाटतं का. शेवटी, ह्याने माझ्या जगण्यात काही फरक पडतो का. एखादा रकाना रिकामा राहिला तर राहू द्या. सहा महिन्यांनी परत काढून बघा, तारीख टाकून ठेवा म्हणजे कळेल काय हललं ते. दुसऱ्याशी बोलताना ह्याच क्रमाने विचारा, आणि "म्हणजे तू अमुक आहेस" असं म्हणण्याआधी त्याचं म्हणणं त्याला परत सांगून "असंच ना?" विचारा.

माझ्या त्या मित्राने मागच्या वर्षी हा कागद भरला. निर्मात्यासमोर त्याने लिहिलं, मानत नाही पण नाही असंही म्हणत नाही. प्रार्थना ऐकणाऱ्यासमोर, नाही असं मानतो. विश्व म्हणजे देव ह्याच्यासमोर "कधीकधी, रात्री आकाश बघताना". आणि परलोकाच्या ओळीसमोर पेन बराच वेळ टेकवून ठेवल्याचा शाईचा ठिपका आहे फक्त, वडील जाऊन त्याला तेव्हा चार महिने झाले होते.