हल्ला आपल्याच नेटवर्कमधून होतोय, तेव्हाची तयारी

बहुतेक छोटे आयएसपी, म्हणजे इंटरनेट पुरवणारे, ग्राफ बघतात तो डाउनलोडचा. अपलोडची रेघ खाली सपाट पडलेली असते, तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. त्यामुळे एखाद्या दुकानातला डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) बाहेरच्या कोणाच्या ताब्यात जाऊन रात्रभर परदेशातल्या सर्व्हरवर पॅकेट ओतत असला, तरी आपल्याला कळतं ते सकाळी अपस्ट्रीमचा (आपल्याला नेट देणाऱ्या मोठ्या कंपनीचा) मेल आल्यावर, नाहीतर ‘गेम अडकतोय’ अशा तक्रारींवरून. म्हणून आधी नेटफ्लो (कुठून कुठे किती पॅकेट गेले याची राउटरची नोंद) चालू करा, आणि तो नॅटच्या (अनेक ग्राहकांना एकच पब्लिक आयपी वाटून देणाऱ्या यंत्रणेच्या) अलीकडे, ग्राहकाच्या बाजूला घ्या. नॅटच्या पलीकडे घेतलात तर सगळी गल्ली एकाच पब्लिक आयपीत मिसळलेली दिसेल. हजारात एक पॅकेट एवढं सॅम्पलिंगही पुरतं. फ्लड, म्हणजे पॅकेटांचा लोंढा, त्यातूनही लपत नाही.

अलार्म मेगाबिटवर लावू नका. लग्नसराईत फोटोग्राफर मंडळी रात्रभर व्हिडिओ चढवत असतात, त्यांच्यावरच तो वाजत राहील आणि चौथ्या दिवशी तुम्ही तो बंद कराल. मोजायचे ते पॅकेट. १ गिगाबिटची लिंक ६४ बाइटच्या पॅकेटांनी भरली तर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार पॅकेट होतात, आणि लिंक भरण्याच्या कितीतरी आधी राउटरचा सीपीयू नाहीतर नॅटचं सेशन टेबल (चालू जोडण्यांची यादी) मान टाकतं. एका ग्राहकाकडून एकाच पत्त्याला सेकंदाला किती यूडीपी पॅकेट (आधी जोडणी न करता पाठवलेले) जातात आणि किती नुसतेच एसवायएन (जोडणी मागणारे पहिले पॅकेट), या दोन आकड्यांवर नजर ठेवली तरी बरंच पकडलं जातं. प्रत्येक ग्राहकाच्या सेशनला कमाल मर्यादाही आजच घाला.

खोट्या सोर्स पत्त्याचा (पॅकेटवरच्या पाठवणाऱ्याच्या पत्त्याचा) बंदोबस्त मे २००० पासून, बीसीपी ३८ या इंटरनेटच्या शिफारशीत, लिहून ठेवलेला आहे. बीएनजीवर (ग्राहकांची कनेक्शन जिथे येतात त्या राउटरवर) स्ट्रिक्ट यूआरपीएफ (पॅकेट आलं ती वाट त्याच्या सोर्स पत्त्याचीच आहे का, ही तपासणी) लावा आणि बाहेरच्या टोकाला एवढाच नियम ठेवा की आपल्या आणि आपल्याकडून जाणाऱ्या ग्राहकांच्या प्रीफिक्सखेरीज (आयपी पत्त्यांच्या गटांखेरीज) काही बाहेर पडणार नाही. दोन प्रोव्हायडर असलेल्या लीज्ड लाइनवाल्यांना स्ट्रिक्ट मोड त्रास देतो. त्यांच्यासाठी प्रीफिक्सची एसीएल (परवानगीची यादी) हातानेच लिहा.

खरी मेख आहे ती माग काढण्यात, आणि तिथे महागडं सॉफ्टवेअर नसल्याने काही अडत नाही. जोडण्या तुटलेल्या असतात म्हणून अडतं. पब्लिक आयपी, सोर्स पोर्ट आणि वेळ, यांवरून आतला पत्ता, त्यावरून पीपीपीओई (ग्राहकाच्या लॉगिनचं) युजरनेम, त्यावरून ओएलटीचा (आपल्याकडच्या फायबरच्या मुख्य पेटीचा) पोर्ट, आणि शेवटी केबलवाल्याचा चालू मोबाइल नंबर. ही साखळी एका माणसाला रात्री दोन वाजता एकट्याने पुरी करता आली पाहिजे. सीजीनॅटमध्ये (आयएसपीच्या पातळीवरच्या नॅटमध्ये) ग्राहकांना पोर्टचे ठरलेले गठ्ठे द्या. पहिले १,०२४ सोडले की ६४,५१२ पोर्ट उरतात. प्रत्येकी १,००८ दिले तर एका पत्त्यामागे बरोबर ६४ ग्राहक बसतात. मग माग काढायला दर सेशनची नोंद लागत नाही, गठ्ठा कोणाचा एवढी नोंद पुरते. वेळेचं तर विशेष सांभाळा. तक्रारीत १९:१० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहिलेलं असतं, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवसाचे ००:४०. आदल्या तारखेची फाइल उघडली की भलत्याच माणसाचं कनेक्शन तुटतं. सगळ्या पेट्यांची घड्याळं एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) आहेत ना, हे आजच बघा.

थांबवताना नुसतं सेशन तोडू नका. ग्राहकाचा राउटर लगेच पुन्हा डायल करतो, नवा पत्ता घेतो आणि फ्लड जिथून थांबला तिथून सुरू होतो. आधी रेडियसमध्ये (लॉगिन तपासणाऱ्या सर्व्हरवर) त्याचं प्रोफाइल बदला, म्हणजे अपलोड आवळा किंवा फक्त सूचनेचं पान दिसेल असं करा, मगच सेशन तोडा. शंभरेक घरांतून एकाच वेळी जात असेल तर बळीचा पत्ता थोडा वेळ आपल्याच राउटरवर ब्लॅकहोल करा, म्हणजे तिकडे जाणारं सगळं टाकून द्या. आपल्या ग्राहकांना ती साइट तेवढा वेळ दिसणार नाही, पण बाकीचं गाव चालू राहील.

ग्राहकाशी काय बोलायचं तेही लिहून ठेवा, कारण फोन करणाऱ्या मुलाला बॉटनेट (ताब्यात घेतलेल्या उपकरणांची फौज) समजावता येत नाही. ‘काका, तुमच्या कॅमेऱ्याच्या डब्यात बाहेरचं कोणीतरी घुसलंय, त्याची नेटची वायर काढून ठेवा, मी येतो,’ एवढं पुरतं. पुढचा क्रम मात्र चुकवू नका. मिराईसारखा बॉट (कॅमेरे, राउटर ताब्यात घेणारा प्रोग्राम) नुसता मेमरीत राहतो, रीस्टार्टने जातो. पण पासवर्ड तोच आणि टेलनेट (दुरून लॉगिन करायची जुनी सोय) उघडं असेल तर काही मिनिटांत परत येतो. म्हणून वायर काढा, रीस्टार्ट करा, पासवर्ड बदला, फर्मवेअर चढवा आणि मगच वायर लावा.

आपलं स्वतःचं अंगणही झाडून घ्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीच्या डॉइश टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बसले, ते बाहेरून उघड्या ७५४७ पोर्टवर (राउटर दुरून सांभाळायच्या) झालेल्या हल्ल्यामुळे. ओएनयूचं (ग्राहकाच्या घरच्या फायबरच्या डब्याचं) मॅनेजमेंट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारेवरच्या स्वतंत्र नेटवर्कमध्ये) हवं. मायक्रोटिक राउटरमध्ये ‘ॲलो रिमोट रिक्वेस्ट्स’वर टिक असेल आणि बाहेरून ५३ पोर्ट बंद नसेल, तर तुमचाच डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता सांगणारी सेवा) दुसऱ्यावर हल्ला करायला वापरला जातो.

सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. कळवण्याचा फॉर्म अर्धा भरूनच ठेवा. आणि हूइजमधला (आयपी पत्ते कोणाचे याच्या जाहीर नोंदीतला) ॲब्यूजचा, म्हणजे तक्रारींचा, मेल आयडी नोकरी सोडून गेलेल्या कोणाच्या नावावर तर नाही ना, तेही तपासा.