नाकाबंदीतल्या मशीनचा आकडा चुकीचा वाटला, तर काय करायचं

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली की गुन्हा. पण नाकाबंदीत फुंकर मारायला लावतात ते मशीन (ब्रेथ ॲनालायझर) रक्त मोजतच नाही. ते श्वासातलं अल्कोहोल मोजतं आणि त्याला २१०० ने गुणून रक्ताचा अंदाज देतं. हा गुणक सरासरीचा आहे, माणसागणिक बदलतो. पिऊन आकडा १२० आला असेल तर त्यावर वाद घालू नका. तुम्ही प्यायलाच नसाल किंवा आकडा तिशीच्या आसपास अडकला असेल, तर आक्षेपाला खरी जागा आहे.

सर्वांत मोठी गफलत होते ती तोंडात राहिलेल्या अल्कोहोलमुळे. नाशिकच्या गंगापूर रोडकडच्या वायनरीत नुसती चाखून थुंकलेली वाइन, माउथवॉश, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध, दशमूलारिष्ट, होमिओपॅथीचे थेंब, दारू घेतल्यानंतरचा ढेकर, यांतलं काहीही असलं की मशीनला ती वाफ फुफ्फुसातून आल्यासारखी वाटते आणि आकडा भलताच चढतो. साधारण १५ मिनिटांत हा परिणाम ओसरतो. म्हणून पहिली फुंकर दिल्यावर शांतपणे म्हणा, “साहेब, पंधरा मिनिटं थांबून नवीन नळी लावून परत घ्या.” मधल्या वेळात तोंडात काही घालू नका, सिगारेटही नको. दुसरा आकडा खूप खाली आला तर पहिला तोंडातल्या अल्कोहोलचा होता. दोन्ही जवळपास सारखे आले, तर मशीन बहुधा बरोबर सांगतंय.

फुंकर मारण्याआधी स्क्रीन बघा. तिथं शून्य हवं. आधीच्या चालकाची वाफ मशीनमध्ये राहिली किंवा जवळ सॅनिटायझर लावलेला हात असला तरी शून्य बिघडू शकतं. केरळ हायकोर्टाने २०२५ मध्ये याच मुद्द्यावर एका चालकावरचा कलम १८५ चा खटला रद्द केला.

चाचणीला नकार मात्र देऊ नका. त्यावरून अटक होऊ शकते आणि नकार कोर्टात तुमच्याच विरुद्ध जातो.

अटक झाली तर दोन तासांत डॉक्टरकडून तपासणी व्हावी लागते, नाहीतर सोडावं लागतं. सरकारी रुग्णालयात नेल्यावर रक्ततपासणीचा आग्रह धरा, कारण श्वासाच्या आकड्याला खरं उत्तर रक्ताचंच असतं. सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसलेली चालत नाही. बाटलीत सोडियम फ्लोराइड हवं, नाहीतर साठवणीत नमुना आंबून अल्कोहोल तयार होऊ शकतं. सील आणि रक्त काढल्याची वेळ स्वतः पाहा. रक्तातलं अल्कोहोल तासाला १०० मिलिलिटरमागे साधारण १५ मिलिग्रॅमने कमी होतं, त्यामुळे पहाटे खासगी लॅबमध्ये केलेल्या तपासणीचं वजन फारसं राहत नाही.

मशीनचा मेक, सीरियल नंबर, दोन्ही आकडे आणि वेळा तिथंच मोबाइलवर लिहून ठेवा. दुसरी चाचणी नाकारली असेल तर पोलिसांच्या कागदावर सही करताना तेवढं एक वाक्य हातानं लिहा.

मग नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे माहिती अधिकाराचा अर्ज करा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. त्या सीरियल नंबरच्या मशीनचं कॅलिब्रेशन (अचूकता तपासणीचं) प्रमाणपत्र, त्याची तारीख आणि त्या रात्रीची मेमरीतली नोंद मागा. सेन्सर कुठला तेही विचारा. सेमीकंडक्टरचं स्वस्त मशीन मधुमेहींच्या श्वासातल्या ॲसिटोनलाही फसू शकतं, फ्युएल सेलचं सहसा फसत नाही.

कलम १८५ ची रस्त्यावर तडजोड होत नाही, प्रकरण कोर्टातच जातं. पहिल्यांदा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुढच्या वेळी २ वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. कटकट नको म्हणून पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल केलात, तर वरचा एकही मुद्दा पुढे मांडता येत नाही आणि ही शिक्षा पुढच्या प्रकरणात पहिली म्हणून मोजली जाते. तेव्हा कबुलीआधी वकिलाकडून मशीनची कागदपत्रं मागवून घ्या आणि चाचणी घेणाऱ्या पोलिसाची उलटतपासणी करायला सांगा: शून्य पाहिलं होतं का, किती मिनिटं थांबलात, नळी बदलली का.