बाहेरची मांजर घरात घेतली, पण शू कोपऱ्यातच: काय बदललं

रस्त्यावरच्या मांजरीला मोकळी माती उकरायची सवय असते. सुगंधी, जाड दाण्यांचं लिटर (मांजरीच्या शू-शीसाठी ट्रेमध्ये भरायचे विकतचे दाणे) ती नाकारते आणि पायपुसणं पसंत करते. आमच्याकडे इंदूरला उपाय सापडला तो बांधकामाच्या वाळूत. चाळून उन्हात वाळवलेली बारीक वाळू, थर दोन ते तीन इंच. ट्रे मांजरीच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे साधारण दोन फुटी टब, एका बाजूने चार इंचांवर कापलेला. जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवायचा. मांजर वाळूला रुळली की दर दोन-तीन दिवसांनी मूठभर बिनवासाचं लिटर मिसळत जायचं. घाई केली की पुन्हा पायपुसणं!

खरी चूक मात्र पुसण्यात होती. फिनाइल बंद करा. त्यातली फिनॉलसारखी द्रव्यं मांजरीचं यकृत नीट बाहेर टाकू शकत नाही. पाय चाटताना ती पोटात जातात. शिवाय मूत्राचा वास त्याने फक्त झाकला जातो, मांजरीला येतच राहतो. एन्झाइमवाला (मूत्रातली वासाची द्रव्यं तोडणारा) क्लीनर ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा, मग टिपायचा.

वापरलेली वाळू ओल्या कचऱ्यात नको. तो इथल्या देवगुराडियाच्या बायो-सीएनजी प्लांटला, म्हणजे ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवायला जातो, तिथे वाळूचं काय काम?

बोका वारंवार बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही? मग ट्रेचा विचार सोडा. मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्य गाठा.