समर कॅम्पला पोरं कशी जमवायची

चर्चच्या मंडळीतल्या तरुणांचा कॅम्प म्हटलं की जाहिरातीची पद्धत ठरलेली असते. उपासनेच्या शेवटी सेक्रेटरी उभे राहतात, तारीख आणि फी वाचतात, "जास्तीत जास्त तरुणांनी लाभ घ्यावा" म्हणतात आणि बसतात. तेव्हा तरुण मागच्या बाकावर मोबाइलमध्ये असतात, नाहीतर बाहेर गाड्यांवर टेकलेले. कॅम्प आठवड्यावर आला की फॉर्म मोजले जातात. पाळकसाहेबांची (पास्टरांची) दोन मुलं, सेक्रेटरींची मुलगी आणि घरच्यांनी ढकललेले चार-पाच. मग कुणीतरी उसासा टाकतं, "आजकालच्या पोरांना देवाची ओढच नाही." ओढीचं नंतर बघू. त्यांना अजून कुणी विचारलेलंच नसतं.

सांगली-मिरज आणि सातारा या पट्ट्यात ही कामं वर्षानुवर्षं करत आल्यावर जे उपयोगी पडतं तेवढंच सांगतो. जागा, स्वयंपाकी, वक्ते आणि मुलींसोबत राहणाऱ्या ताया ठरल्यात असं धरून चालतो. त्या ठरल्या नसतील तर जाहिरात सुरूच करू नका.

तारीख

राज्य मंडळाच्या शाळांच्या परीक्षा हल्ली एप्रिल संपत येईपर्यंत चालतात, तेव्हा मेचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा. बारावीवाल्यांवर फार भिस्त ठेवू नका. सीईटी एप्रिल-मेमध्ये असते, नीट बहुधा मेच्या सुरुवातीच्या रविवारी. दहावीत जाणाऱ्यांची व्हेकेशन बॅच असते. दोन-चार क्लासवाल्यांना फोन करून त्यांची सुट्टी कधी ते विचारा. आणि पाळकसाहेबांच्या डायरीत लग्नांच्या तारखा बघा. मे महिन्यातलं एक मोठं लग्न अर्धा तरुण संघ घेऊन जातं.

पत्रक

कुठे, कधी ते कधी, किती पैसे, कुणाला फोन करायचा, मोबाइल चालणार की नाही. बस. वर सूर्य उगवतोय, डोंगर, कबुतर आणि तीन रंगांत बायबलचं वचन, असलं पत्रक पोरं एकमेकांना चेष्टा म्हणून पाठवतात.

पहिली आठ नावं

सगळी मेख इथे आहे. आमचंही घोडं सुरुवातीला इथेच अडायचं.

पंधरा वर्षांच्या मुलाला कॅम्पबद्दल काहीही सांगा, त्याचा पहिला प्रश्न एकच असतो: "कोण कोण येतंय?" विषय काय, वक्ता कोण, पाचगणी की महाबळेश्वर, हे सगळं त्यानंतर. उत्तरात त्याच्या ओळखीचं नाव आलं नाही तर तो "बघतो की दादा" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो. म्हणजे कॅम्प भरायला जाहिरात नव्हे, आधी नावं लागतात, आणि नावं तर कॅम्प भरल्याशिवाय येत नाहीत. ही गाठ सोडवायची कशी?

एक वही घ्या. मंडळीतल्या तेरा ते सतरा वयाच्या सगळ्यांची नावं लिहा. उपासनेला येणाऱ्यांचीच नव्हे, ज्यांचा बाप्तिस्मा आपल्याकडे झाला आणि आता फक्त नाताळला दिसतात त्यांचीही. नावापुढे शाळा, टक्केवारी असलं काही लिहू नका. कोण कुणाच्या गाडीवर मागे बसतो, कुणाचा क्लास एकत्र आहे, कोणत्या दोघी एकमेकींशिवाय कुठे जात नाहीत, ते लिहा. तुम्हाला हे माहीत नसेल तर शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल वर्गाच्या) बाईंना विचारा, त्यांना सगळं माहीत असतं. अर्ध्या तासात वहीत जोड्या आणि टोळकी दिसायला लागतात.

आता प्रत्येक टोळक्यात एक जण शोधा, ज्याच्यामागे बाकीचे जातात. हा मुलगा बहुतेक वेळा तुमचा लाडका नसतो. तो पाठांतरात पहिला नसतो, प्रार्थनेत डोळे उघडे ठेवतो, संध्याकाळी अंडरआर्मच्या मॅचला असतो. पाळकसाहेब म्हणतील, "त्याला कशाला, तो सगळ्यांना बिघडवेल." तरी त्यालाच आधी गाठा. आज्ञाधारक मुलं कॅम्पला येतातच, पण त्यांच्यामागून कुणी येत नाही.

त्याला चारचौघांत विचारायचं नाही. मित्रांसमोर विचारलंत तर तो विनोद करणार, बाकीचे हसणार आणि एकदा हसून नाही म्हटल्यावर त्याला मागे फिरता येत नाही. मॅच संपल्यावर, भेळेच्या गाड्यावर, त्याला आणि त्याच्या एका जवळच्या मित्राला एकत्र गाठा. एकट्यालाही नको, घोळक्यालाही नको. दोघं असले की ते आपसात बघतात, आणि होकार त्या बघण्यात ठरतो. "ये रे कॅम्पला" असं म्हणू नका. काम द्या. "खेळांचं तुम्ही दोघांनी बघायचं. टीम कशा पाडायच्या ते सांगा. अजून कोण घेऊ?" शेवटच्या प्रश्नावर तो स्वतःच चार नावं सांगतो. ती नावं तिथल्या तिथे लिहून घ्या आणि त्यांना विचारायचं कामही त्याच्याकडेच द्या. काम दिलंत तर मात्र ते खरं असू द्या. नंतर कमिटीने खेळ परस्पर ठरवून टाकले तर पुढच्या वर्षी तो तुमचा फोन उचलणार नाही.

मुलींचं थोडं वेगळं आहे. तिथे मैत्रीण तर लागतेच, पण बरोबर बहीण, मावसबहीण, आतेबहीण असेल तर घरचं निम्मं काम आधीच होतं. हे विचारायला ताईच पाठवा.

तासगाव, विटा, कोरेगाव अशा ठिकाणच्या छोट्या मंडळीत त्या वयाचं एकच पोर असतं. त्याच्याकडे टोळकं नाही. त्याला कॅम्पच्या आधी दुसऱ्या एका मुलाशी जोडून द्या: फोनवर बोलणं करून द्या, एखाद्या रविवारी सांगली किंवा साताऱ्याच्या चर्चला बोलवून दोघांना शेजारी बसवा. हे न करता त्याला थेट गाडीत चढवलंत तर तो पहिल्या रात्रीच घरी फोन करणार.

"सगळे येतायत रे" असं खोटं सांगू नका. पोरं दोन मेसेजमध्ये खरं-खोटं करतात. आठ पक्की नावं असतील तर आठच सांगा. पुढची वीस त्या आठांमुळे येतात.

बोलायचं काय, तेही सांगतो. "तुझं जीवन बदलून जाईल" हे वाक्य बंद करा. ते बदलायचं तर प्रभू बदलेल, त्याची आगाऊ हमी तुम्ही कशाला देता? उलट बायबलचा भाग लपवून नुसती मजा विकू नका. सकाळी एक तास बायबल अभ्यास, संध्याकाळी सभा, मधला वेळ खेळ आणि डोंगर, शनिवारी मटण, रात्री शेकोटी. मोबाइल जमा करायचे असतील तर तेही आताच सांगा. गेटवर सांगितलं की भांडण होतं. महिनाभर आधी सांगितलं की पोरं कुरकुरतात आणि येतात.

गेल्या वर्षी गेलेल्यांना मंडळीपुढे बोलायला द्या, पण साक्ष (काय अनुभव आला ते) लिहून देऊ नका. आमच्याकडे नववीतली एक मुलगी उभी राहिली आणि पसरणी घाटात मैत्रिणीच्या नव्या सॅकमध्ये आपल्याला उलटी कशी झाली हे तिने हातवारे करून सांगितलं. पुढच्या बाकावरचे वडीलधारे छताकडे बघत होते. ती म्हणाली, "आणि रात्री तिनेच माझ्यासाठी प्रार्थना केली. यंदा आम्ही दोघी परत चाललोय, तिने सॅक जुनी आणलीय." उपासना सुटल्यावर मुली तिच्याभोवती होत्या, सेक्रेटरींच्या टेबलाभोवती नाही.

असं बोलणं ईस्टरला ठेवा. पहाटेची उपासना झाली की चहा-नाश्ता असतो, एरवी न दिसणारी पोरंही नवे कपडे घालून आलेली असतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मात्र एक शब्द नको. बारा ते तीन येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार ऐकून लोक गप्प असतात, त्यांच्या हातात कॅम्पचं पत्रक कोंबणारे लोक मी पाहिलेत.

घरचे

पोरगं तयार झालं म्हणजे काम झालं नाही. घरी जावं लागतं, फोनवर भागत नाही. रविवारी दुपारी जाऊ नका, जेवून लोक आडवे झालेले असतात. मिरजेत तर आधी ड्युटी विचारून जा. १८९४ मध्ये मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी तिथे हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून गावाला वैद्यकीचा धंदा लागला, आणि आपल्या मंडळीतल्या कित्येक घरांत आई नाहीतर वडील पाळीवर असतात. नाइट करून झोपलेल्या माणसाला उठवून परवानगी मागितली तर काय मिळणार?

मुलीच्या वडिलांना विषय, वक्ता यांत रस नसतो. मुली कुठे झोपणार, खोलीत कोणती ताई असणार, बाथरूम कुठे, रात्री गेटवर कोण, जवळचा दवाखाना कोणता. हे एका कागदावर लिहून न्या आणि त्यांनी विचारायच्या आत पुढे ठेवा. विचारल्यावर सांगितलं तर ते तुम्ही लपवत होता असं वाटतं. कॅम्प पाचगणीला असेल तर आईला सांगा की पाचगणी तेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे, इकडे सांगली भाजत असताना तिथे रात्री पांघरूण लागतं. आजी घरात असेल तर तिच्याशी आधी बोला. तिने "जाऊ दे की पोरीला" म्हटलं की बाकीचे आपोआप गप्प बसतात.

पोरं वर्गातल्या हिंदू, मुसलमान, जैन मित्रांना घेऊन येऊ का विचारतात. आणा, पण झाकून नाही. फॉर्मवर ठळक लिहा की हा ख्रिस्ती कॅम्प आहे, बायबल आणि प्रार्थना असणार, आणि त्या मुलाच्या आई-वडिलांना स्वतः भेटून सही घ्या. "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट" नाव देऊन मुलं नेणाऱ्यांचा मला राग येतो. उद्या बोट दाखवलं जातं ते सगळ्या मंडळीकडे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना दोघांनाही जागा होती, पण दरबार कुणाचा हे झाकलेलं नव्हतं.

पैसे

समजा फी १८०० आहे. ३०० आगाऊ दिल्याशिवाय नाव लिहू नका, बाकीचे दोन हप्त्यांत. पैसे चर्चच्या खात्यावर, कुणाच्या खासगी जीपेवर नाही, आणि प्रत्येकाला पावती. ज्यांना जमत नाही त्यांचं महिला मंडळातल्या दोघी-तिघींशी परस्पर बोलून जमवा. "अमुक भाऊंनी पाच गरीब मुलांची फी भरली" असं उपासनेत जाहीर केलंत तर ती पाच मुलं येणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर मीही आलो नसतो.

ग्रुप

व्हॉट्सॲप ग्रुप फक्त नाव नोंदवलेल्यांचा आणि त्यांच्या पालकांचा. गुड मॉर्निंग नको. मुलांचे फोटो स्टेटसला टाकायचे तर पालकांची परवानगी फॉर्मवरच घ्या.

शेवटचे चार दिवस

गळती इथे होते. मामाच्या गावची जत्रा, ताप, "मित्र रद्द झाला म्हणून मी पण." प्रत्येक पोराला फोन करा, पण "येतोयस ना?" असं विचारू नका, नाही म्हणायला जागा मिळते. "गाडीत तुझ्या शेजारी कोण बसवू?" असं विचारा. घाट लागतो त्यांना पुढची सीट आणि हातात प्लास्टिकची पिशवी.

गाडी सुटायच्या वेळी सोडायला आलेल्यांपैकी एखादा हमखास म्हणतो, "दादा, मी पण येऊ का?" यासाठी कोरे फॉर्म आणि दोन जागा ठेवाव्यात. पण सहीशिवाय चढवू नका. घरी फोन लावा, वडिलांना बोलवून घ्या, सही होईपर्यंत गाडी दहा मिनिटं थांबली तरी चालेल. कपड्यांची पिशवी मागून कुणीतरी आणून देतं.