पार्लरची तक्रार घेऊन येण्याआधी

शनिवारी आमच्या ग्राहक मार्गदर्शन केंद्रावर पार्लरची तक्रार आली की बहुतेक वेळा चित्र एकच असतं. मोबाइलमध्ये सुजलेल्या चेहऱ्याचे वीस फोटो, डोक्यात राग, आणि ट्यूब घंटागाडीत गेलेली. म्हणून पहिलं काम आजच करा: काहीही टाकू नका. अर्धी क्रीम, रिकामा डबा, खोका, अगदी डाय लागलेला टॉवेलसुद्धा पिशवीत घालून बाजूला ठेवा. खोक्यावरचा बॅच नंबर, उत्पादन परवाना क्रमांक, वापरण्याची मुदत, घटक आणि कंपनीचा पत्ता यांचे फोटो काढा. माल परदेशी असेल तर आयात नोंदणी क्रमांकही बघा. यातलं काहीच छापलेलं नसेल तर तुमच्या हातात आणखी एक तक्रार आहे, कारण सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे लेबलावर ही माहिती लागते.

डाय पार्लरनेच वाटीत कालवला असेल तर खोका तुमच्याकडे नसणार. मग भांडण सुरू व्हायच्या आधी व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ विचारा, ‘ताई, परवा कुठला कलर लावला होतात? डॉक्टर विचारतायत.’ उत्तर आलं की स्क्रीनशॉट. लावण्याआधी कानामागे किंवा कोपरावर थोडा लावून बघितला होता का, तेही त्याच बोलण्यात विचारून घ्या.

आता बिल. पार्लरचं बिल त्या गुळगुळीत कागदावर असतं. पर्समध्ये चार महिने राहिलं की पांढरं फटक. झेरॉक्स आजच काढा. बिलच दिलं नसेल तर यूपीआयची नोंद चालते, आणि बिल न देणं हीच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे अर्जात लिहा. दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं असेल तर किती झाली, कुठल्या तारखांना झाली, ते एका कागदावर मांडा. भिंतीवर ‘पैसे परत मिळणार नाहीत’ अशी पाटी असेल तर तिचाही फोटो.

त्वचेचं काही असेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जा आणि कारण चिठ्ठीवर लिहून घ्या. नुसतं ‘ॲलर्जी’ एवढ्यावर पुढे फार सरकत नाही. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका ग्राहकाचे केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या वरच्या आयोगाने, २०२१ मध्ये २ कोटींची भरपाई दिली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सेवेतली त्रुटी मान्य ठेवली, पण एवढ्या नुकसानीला पुरावा कुठे आहे असं म्हणत रक्कम रद्द केली आणि प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. बुडालेली मजुरी, औषधांची बिलं, रिक्षाभाडं, सगळं लिहून ठेवा म्हणते ते यासाठी.

मग ठरवा, उत्तर कोणाकडून हवंय. माझ्या मते खरी गडबड इथेच होते. लोक एकच अर्ज सगळीकडे धाडतात. पैसे परत हवे असतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तिथे मराठीत बोलता येतं. ते तुमची तक्रार समोरच्याकडे पाठवतात, पण हुकूम देऊ शकत नाहीत. मिळालेला तक्रार क्रमांक जपा. क्रीममध्येच खोट असल्याचा संशय असेल तर अन्न व औषध प्रशासन. अकोल्यात २०२३ मध्ये एक तरुणी, तिची आई आणि बहीण तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली. त्या वापरत असलेली उजळपणाची क्रीम मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासली तेव्हा त्यात पारा निघाला. क्रीम तपासायला हाताशी होती म्हणून कळलं. जाहिरात खोटी वाटत असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. तिथे मात्र स्वतःची भरपाई मागायला जाऊ नका, ते काम ग्राहक आयोगाचं.

जिल्हा ग्राहक आयोगात जायचं झालं तर घटनेपासून दोन वर्षांची मुदत आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि सेवेसाठी किंवा मालासाठी तुम्ही मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. त्याआधी पार्लरला किंवा कंपनीला एक साधं पत्र स्पीड पोस्टाने, पोचपावती मागवून पाठवा: तारीख, काय झालं, काय हवं, १५ दिवसांत उत्तर द्या. एक पान पुरे. ‘माझं लग्न तोंडावर आलं होतं’ हे लिहा, पत्रिका जोडा. मालकिणीच्या स्वभावाबद्दल लिहू नका.

येताना सगळ्याच्या दोन-दोन प्रती आणा. आणि पहिल्या दिवशी रागाच्या भरात फोन करून तुम्ही त्यांना काही भलतंसलतं बोलला असाल तर तेही आम्हाला आधीच सांगून टाका. समोरच्याकडे रेकॉर्डिंग असतं.